सॉर्टला नॅन भेटला की त्याने काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिम्युलेशनच्या आउटपुटची टेक्स्ट फाइल आहे, एका कॉलममध्ये आकडे आहेत, त्यात मधूनच नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे ज्या गणिताला आकड्यात उत्तरच नाही ते), इन्फ (इन्फिनिटी, अनंत), -इन्फ, -०.०० आणि १ई४०० (१ गुणिले १० चा ४०० वा घात) असलं काय काय घुसलंय. सॉर्ट या ओळी क्रमाने लावणाऱ्या कमांडला -एन (साध्या आकड्यांचा पर्याय) दिला की सगळं विस्कटतं, -जी (घातांक वगैरे धरून सगळ्या आकड्यांचा पर्याय) दिला की नॅन सगळे वरती येऊन बसतात. मग सॉर्टने खरं तर काय करायला पाहिजे, एरर द्यायचा, नॅन शेवटी ढकलायचे, की सरळ गाळून टाकायचे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. नॅन वर जातो की खाली हा भाग मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सॉर्टचं काम म्हणजे समोर येईल त्या प्रत्येक ओळीला एक जागा देणं, तीच ओळ पुन्हा आली की तीच जागा देणं, मशीन बदललं तरी तीच जागा देणं आणि एकही ओळ न गमावणं. यातलं एक जरी मोडलं तर ते टूल बिघडलंय असं मी म्हणेन, बाकी वर-खाली हा संकेताचा प्रश्न आहे, कुठला तरी एक ठरवा आणि मॅन्युअलमध्ये लिहून ठेवा. (इथे मी आकडे आणि कमांड देवनागरीत लिहितोय, तुमच्या फाइलमध्ये ते रोमनच असायला हवेत, देवनागरी आकडे सॉर्टला आकडे वाटतच नाहीत, हे पण एक लक्षात असू द्या.)

आधी -एन नक्की काय करतं ते बघू, कारण लोक त्याला उगाच शिव्या घालतात. -एन ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस सोडतं, मग एखादं मायनस चिन्ह चालतं, मग अंक आणि दशांश चिन्ह, हजाराचे स्वल्पविराम लोकेलमध्ये (भाषा-देशाप्रमाणे आकडे-अक्षरांचे नियम ठरवणारी सेटिंग) असतील तर तेही चालतात. बस, एवढंच. प्लस चिन्ह त्याला कळत नाही, ई-वाला घातांक कळत नाही, इन्फ आणि नॅन तर नाहीच नाही. अंक सापडला नाही की ती ओळ शून्य धरायची असा नियम आहे. आता ही आठ ओळींची फाइल घ्या: १०, -इन्फ, नॅन, २ई३, -५, इन्फ, +७, ०.५. सी लोकेलमध्ये (कुठल्याच भाषेचे खास नियम नसलेली साधी सेटिंग) -एन लावलं तर क्रम येतो -५, +७, -इन्फ, इन्फ, नॅन, ०.५, २ई३, १०. म्हणजे +७ शून्य झाला, दोन्ही इन्फिनिटी शून्य झाल्या, नॅन पण शून्य, आणि २ई३ मधला नुसता २ वाचला गेला म्हणून दोन हजार हा दहाच्या आधी आला. ते चार 'शून्य' आपापसात कसे लागले? तर 'की' (ओळीचा ज्यावरून क्रम लावतात तो भाग) सारखी निघाली की ग्नू सॉर्ट (लिनक्सवर सहसा असतं ते) शेवटचा उपाय म्हणून अख्ख्या ओळीची तुलना करतं, आणि बाइटच्या क्रमात प्लस मायनसच्या आधी येतो, मग आय, मग एन. आउटपुट चुकीचं दिसतं पण ठरलेल्या नियमाने आलेलं आहे, कधीही चालवा, हेच येणार.

त्याच फाइलवर -जी लावलं की येतं: नॅन, -इन्फ, -५, ०.५, +७, १०, २ई३, इन्फ. हे तुम्हाला हवं तसंच आहे, फक्त नॅन सोडून. ग्नूच्या मॅन्युअलमध्ये -जीचा क्रम स्पष्ट लिहिलेला आहे: आधी ज्या ओळी आकड्याने सुरूच होत नाहीत त्या सगळ्या, त्या आपापसात समान मानल्या जातात, मग नॅन, मग उणे इन्फिनिटी, मग साधे आकडे चढत्या क्रमाने (-० आणि +० समान), शेवटी अधिक इन्फिनिटी. नॅनचा आपापसातला क्रम मात्र 'सुसंगत, पण मशीनवर अवलंबून' असा दिलाय. हे शेवटचं मला खटकतं, त्याकडे येतोच.

पण आधी नॅनमुळे सॉर्टिंग मुळात का बिघडतं ते. आय-ट्रिपल-ई ७५४ हे कंप्युटरमधल्या दशांश आकड्यांचं स्टँडर्ड १९८५ पासून सांगतं की नॅनची तुलना कशाशीही केली तर उत्तर 'नाही' असंच येणार. नॅन पाचपेक्षा लहान आहे का, नाही. मोठा आहे का, नाही. बरोबर आहे का, नाही. स्वतःशी तरी बरोबर आहे का, तरीही नाही. आकडेमोडीत हे एकदम शहाणपणाचं आहे पण सॉर्टिंगचा अल्गोरिदम एका गोष्टीवर उभा असतो, की अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल तर अ हा क च्या आधी असणारच, आणि 'समान' हे नातंही असंच साखळीने पुढे जाणार. नॅनला 'लहानही नाही, मोठाही नाही, म्हणजे समान' असं धरलं की ३ समान नॅन, नॅन समान १, म्हणजे ३ समान १, आणि तिथे खेळ खलास. पायथनमध्ये लगेच करून बघता येतं: यादीत ३, नॅन, १ टाका आणि सॉर्टेड म्हणा. यादी जशीच्या तशी परत येते, ३, नॅन, १. कारण त्याचा अल्गोरिदम आधी विचारतो नॅन हा ३ पेक्षा लहान आहे का, नाही म्हणे, बरं, १ हा नॅनपेक्षा लहान आहे का, तेही नाही, मग ही यादी आधीच चढत्या क्रमात आहे की, काहीच करायला नको! एका नॅनने दोन चांगल्या आकड्यांची वाट लावली, आणि कुठेही एरर नाही, वॉर्निंग नाही. सी++ मध्ये तर स्टँडर्ड लायब्ररीच्या सॉर्टला असा तुलना-नियम दिला तर काहीही होऊ शकतं, क्रॅशसुद्धा.

म्हणून ज्याने ज्याने नीट विचार केला त्या प्रत्येकाने नॅनला सॉर्टिंगपुरती एक जागा नेमून दिली. पोस्टग्रेस हा डेटाबेस म्हणतो नॅन स्वतःशी समान आणि बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा. जावाचं डबल कंपेअर पण त्याला इन्फिनिटीच्याही वर ठेवतं, पायथनची नमपाय लायब्ररी शेवटी ढकलते. गो भाषेची फ्लोट (दशांश आकडे) सॉर्ट करणारी लायब्ररी त्याला सगळ्यात आधी ठेवते, ग्नू सॉर्टही आकड्यांच्या आधी. आर या संख्याशास्त्राच्या भाषेतलं साधं सॉर्ट तर नॅन गाळूनच टाकतं, सांगितलं नाही तर. बघा, एकमत अजिबात नाहीये, आणि तरी यातलं प्रत्येक जण (आर सोडून, ओळ गायब करणं मला पटत नाही) वापरता येतं कारण जागा ठरलेली आहे.

आता ते 'मशीनवर अवलंबून' प्रकरण. ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत टोटलऑर्डर नावाचा एक क्रम दिलाय, त्यात चिन्ह उणे असलेला नॅन -इन्फिनिटीच्याही आधी, आणि अधिक चिन्हाचा नॅन +इन्फिनिटीच्याही नंतर, आणि -० हा +० च्या आधी. रस्ट भाषेत टोटल-सीएमपी म्हणून हेच मिळतं. बरेच जण म्हणतात मग सॉर्टनेही हेच करावं, स्टँडर्ड आहे ना. मेमरीतल्या बिट्सवर काम करायचं असेल तर हो, उत्तम. पण कमांड लाइनच्या सॉर्टसमोर बिट्स नसतात, कुणीतरी प्रिंट केलेलं टेक्स्ट असतं. इंटेलच्या मशीनवर लिनक्समध्ये रनटाइमला शून्य भागिले शून्य केलं की जो नॅन तयार होतो त्याचा चिन्हाचा बिट चालू असतो, म्हणून सी भाषेतलं छापणारं फंक्शन प्रिंटएफ '-नॅन' छापतं. तोच प्रोग्रॅम एआरएम मशीनवर चालवा, नुसतं 'नॅन' छापलं जाईल. गणित तेच, बिघाड तोच, आणि टोटलऑर्डर लावलात तर एका मशीनची ओळ फाइलच्या अगदी वर आणि दुसऱ्याची अगदी तळाला. नॅनच्या चिन्हाला काहीही अर्थ नसताना! डबलमध्ये (नेहमीचा ६४ बिटांचा दशांश आकडा) नॅनचे २ चा ५३ वा घात वजा २ इतके वेगवेगळे बिट-पॅटर्न असू शकतात, त्यातलं जवळपास काहीच टेक्स्टमध्ये उतरत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की सॉर्टने सगळे नॅन, चिन्ह काहीही असो, एकाच गटात एका जागी ठेवावेत आणि गटाच्या आत ओळीच्या टेक्स्टवरून क्रम लावावा. बिट्सच्या नादी लागू नये.

बिट्सच्या नादी लागण्याचा एक खराखुरा किस्सा ग्नू सॉर्टमध्येच होऊन गेलाय. दोन नॅन आले की त्यांच्या मेमरीतले बाइट्स थेट ताडून बघायचे असा कोड एके काळी होता. इंटेलवर लाँग डबल (डबलपेक्षा मोठा आकड्यांचा प्रकार) हा असतो ८० बिटांचा म्हणजे १० बाइटचा, पण ६४-बिट लिनक्सवर तो मेमरीत १६ बाइटची जागा अडवतो. उरलेल्या ६ बाइटमध्ये जे काही आधीचं पडलेलं असेल ते तसंच. तुलना सगळ्या १६ बाइटची होत होती, म्हणजे दोन अगदी सारखे नॅन कधी लहान-मोठे निघायचे आणि कधी उलटे, आणि एका विशिष्ट परिस्थितीत सॉर्ट अनंत लूपमध्ये अडकायचं. लाखाहून जास्त ओळी, प्रत्येकीवर फक्त नॅन, अशी फाइल दिली की काम संपायचंच नाही. आता ते सुधारलंय, नॅन आधी टेक्स्टमध्ये प्रिंट करून ती टेक्स्ट ताडली जाते. मला हे फार बोलकं वाटतं, शेवटी फिरून टेक्स्टवरच आले.

याच्या पुढचा आणि माझ्या मते नॅनपेक्षा जास्त नुकसान करणारा मुद्दा म्हणजे गोलाई, न मावणारा आकडा जवळच्या मावणाऱ्या आकड्यावर नेणं. -जी प्रत्येक की सी लायब्ररीच्या स्ट्रटोल्ड या फंक्शनकडून लाँग डबलमध्ये बदलून घेतं, आणि ओव्हरफ्लो (आकडा फार मोठा), अंडरफ्लो (शून्याच्या फार जवळ), कशाचीही तक्रार करत नाही. इंटेलवर लाँग डबल साधारण १.१९ई४९३२ पर्यंत जातो, म्हणून तुमचं १ई४०० तिथे व्यवस्थित साधा आकडा म्हणून वाचलं जातं. पण जिथे लाँग डबल म्हणजे नुसता डबलच, उदाहरणार्थ अ‍ॅपलचे एम-सिरीजचे मॅक, तिथे मर्यादा १.८ई३०८ च्या आसपास, त्याच्यावरचं सगळं इन्फिनिटी. आता २ई३०९ आणि १ई३१० या दोन ओळी घ्या. दुसरा आकडा पाचपट मोठा आहे. इंटेलवर क्रम बरोबर लागेल, २ई३०९ आधी. डबलवाल्या मशीनवर दोन्ही इन्फिनिटी, दोन्ही समान, मग शेवटचा उपाय म्हणून टेक्स्ट, आणि टेक्स्टमध्ये १ हा २ च्या आधी, क्रम उलटा! अशा दोन मशीनवर सॉर्ट केलेल्या फाइली कुणी सॉर्ट -एम ने मर्ज केल्या तर -एम बिचारं गृहीत धरून चालतं की दोन्ही फाइली आपल्याच नियमाने लागलेल्या आहेत, पुढचं तुम्ही समजून घ्या.

मोठ्या पूर्णांकांचंही तेच. डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा मावतच नाही, त्याचा शेवटचा ३ जाऊन २ होतो. इंटेलच्या लाँग डबलमध्ये तो मावतो, पण १८४४६७४४०७३७०९५५१६१७ नाही मावत, तो आपल्या आधीच्या आकड्यासारखाच दिसायला लागतो. आणि यात -यू लावलं ना, की मग खरंच डेटा जातो. -जी आणि -यू एकत्र म्हणजे की समान निघालेल्या ओळींपैकी पहिली ठेवायची, बाकी टाकायच्या. शेवटचा टेक्स्टवाला उपाय -यू सोबत चालतच नाही. म्हणजे गोलाईने समान झालेले दोन वेगळे आयडी, त्यातला एक गेला. -०.०० आणि ०.००, एक गेला. आणि सगळ्यात वाईट, आकड्याने सुरू न होणाऱ्या सगळ्या ओळी आपापसात समान असतात, आठवतंय ना, म्हणजे हेडर, रिकामी ओळ, 'एरर: टाइमआउट' अशी ओळ, या सगळ्यांमधली फक्त एक शिल्लक राहते. काही न सांगता. म्हणून -जीयू हे मी स्क्रिप्टमध्ये दिसलं की काढून टाकतो, आधी -जी ने लावा आणि मग यूनिक ही दुबार ओळी गाळणारी कमांड वेगळी चालवा, ती पूर्ण ओळ ताडते.

यावर उपाय आहे आणि तो -एन मध्येच दडलेला आहे. -एन आकड्याला आकडा बनवतच नाही, अंकांच्या स्ट्रिंग अंक-अंक ताडतं, म्हणून हजार अंकी आकडे दिले तरी ते अचूक असतं आणि वर -जी पेक्षा कितीतरी जलद. हेच घातांकासाठी करायला काय हरकत आहे? चिन्ह बघा, पहिला शून्य नसलेला अंक कुठल्या स्थानावर पडतो ते घातांक मिळवून काढा, ते स्थान ताडा, स्थान सारखं आलं तरच अंक ताडा. १२०ई-१ आणि ०.०१२ई३ घ्या, दोन्हीत पहिला अंक १, दोन्हीत तो दहाच्या स्थानावर, पुढे २, दोन्ही समान, बारा. कुठेही फ्लोट आला नाही, गोलाई नाही, १ई५००० पण इन्फिनिटी होत नाही आणि १ई-५००० शून्य होत नाही. नवीन टूल कुणी लिहीत असेल तर त्याने हेच करावं असं मी सांगेन. इन्फ आणि नॅन हे मग फक्त शब्द म्हणून ओळखायचे, आणि पूर्ण शब्द जुळला तरच.

'पूर्ण शब्द' यावर मी अडून बसतो कारण स्ट्रटोल्ड तसं करत नाही. सी च्या १९९९ च्या स्टँडर्डपासून ते इन्फ, इन्फिनिटी, नॅन हे सगळं लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता वाचतं, आणि सुरुवातीला जेवढं जुळलं तेवढं घेऊन बाकी सोडून देतं. सॉर्ट पुढचं काही तपासत नाही. म्हणून लॉग फाइलची ओळ रोमनमध्ये 'इन्फो:' ने सुरू होत असेल तर -जी च्या दृष्टीने ती चक्क अधिक इन्फिनिटी आहे, जाऊन तळाला बसते, आणि 'वॉर्निंग:' वाली ओळ आकडा नाही म्हणून वर. पहिल्या कॉलममध्ये नावं असतील तर नॅन्सी आणि नंदिनी या दोघी नॅन. हसू येतं, पण मिश्र फाइलवर -जी चालवून 'क्रम विचित्र येतोय' म्हणणाऱ्यांच्यात हे कारण निघालेलं मी पाहिलंय. उलटा प्रकार जुन्या विंडोजच्या प्रोग्रॅमचा, मायक्रोसॉफ्टची जुनी सी लायब्ररी इन्फिनिटी छापायची ती '१.#आयएनएफ' अशी. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या आधीची ही गोष्ट, पण त्या काळातल्या डेटा फाइली अजून फिरतात. सॉर्टला त्यात दिसतो फक्त १. म्हणजे अनंत हा ०.९ आणि १.१ च्या मध्ये शांतपणे बसलेला, आणि तिथल्या नॅनचंही तसंच. याला सॉर्ट काही करू शकत नाही, हे आधीच शोधून बदलावं लागतं.

लोकेलबद्दल दोनच वाक्यं: दशांश चिन्ह लोकेलवर ठरतं, जर्मन लोकेलमध्ये १.५ हे -जी ला १ दिसतं आणि -एन ला, बिंदू हजाराचा मानल्यामुळे, १५. डेटा फाइल असेल तर एलसी-ऑल ही लोकेलची सेटिंग 'सी' ठेवूनच सॉर्ट चालवा, आणि शंका आली की ग्नूचं --डीबग लावा, ते प्रत्येक ओळीखाली की म्हणून नक्की कुठला भाग वापरला ते अधोरेखित करून दाखवतं.

एररबद्दल. सॉर्ट पाइपच्या (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी साखळी) मध्ये बसलेलं असतं, त्याच्या आधी तासन्‌तास चाललेलं काहीतरी असू शकतं, एका नॅनसाठी त्याने हात वर केले तर सगळं पाणी. डेटा बरोबर आहे का हे ठरवणं त्याचं काम नाही. कुणाला कडक वागणूक हवीच असेल तर वेगळा फ्लॅग द्यावा. आणि नॅन वर की खाली हे ठरवायला डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत रिकाम्या किमतींसाठी जसं नल्स फर्स्ट, नल्स लास्ट असतं तसा पर्याय असला तर मला आवडेल, फक्त त्यात -आर सोबत काय होणार ते आधी ठरवा. सध्या ग्नूमध्ये -आर लावलं की सगळंच उलटं होतं, नॅन तळाला आणि हेडर त्याच्याही खाली. म्हणून 'सर्वात मोठे दहा' हवे असतील तर सॉर्ट -जीआर आणि हेड (पहिल्या काही ओळी दाखवणारी कमांड) ठीक चालतं, पण 'सर्वात लहान' साठी सॉर्ट -जी आणि हेड लावलं की हातात रिकाम्या ओळी आणि नॅन येतात. पायथनच्या पॅंडाज लायब्ररीत दिशा कुठलीही असो नॅन शेवटीच राहतात, विश्लेषण करणाऱ्याला बहुतेक वेळा तेच हवं असतं.

तुमच्या फाइलपुरतं आज काय करायचं ते सांगतो. ऑक या टेक्स्ट बदलणाऱ्या कमांडने प्रत्येक ओळीच्या पुढे एक वर्गाचा आकडा टॅब देऊन चिकटवा: -इन्फला ०, साध्या आकड्याला १, इन्फला २, नॅनला ३, बाकी काहीही असेल तर ४. ओळखायचं ते रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा नमुना लिहून), फील्डच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधून, म्हणजे 'इन्फो' फसवणार नाही. ऑकच्या स्वतःच्या आकडे-तुलनेवर सोडू नका, गॉक (ऑकची ग्नू आवृत्ती) नेहमीच्या मोडमध्ये चिन्ह असलेलेच +नॅन, -इन्फ वगैरे ओळखतं, बिनचिन्हाचा नॅन त्याला शून्य वाटतो. मग टॅब हा सेपरेटर देऊन सॉर्टला -के१,१एन आणि -के२,२जी (आधी वर्ग, मग आकडा) अशा दोन की द्या, आणि शेवटी कटने पहिला कॉलम काढून टाका. उतरता क्रम हवा असेल तर वर्गांचे आकडे त्याप्रमाणे बदला, नॅनचा ३ तसाच ठेवा आणि आर फक्त दुसऱ्या कीला लावा. तुमचं १ई४०० इंटेलवर नीट लागेल. हे करायच्या आधी ग्रेप या ओळी शोधणाऱ्या कमांडने त्या १.# वाल्या ओळी आहेत का तेवढं मोजून घ्या, आणि पीडीएफमधून कॉपी केलेला डेटा असेल तर मायनस खरंच मायनस आहे की त्याच्यासारखं दिसणारं युनिकोडचं लांबट चिन्ह आहे तेही बघा, त्या ओळी -जी ला आकडे वाटत नाहीत आणि तुमच्या वर्ग ४ मध्ये जाऊन पडतील.